रेंज फुल, नेट गुल!

हॉस्टेलवर दिवसातून सर्वांत जास्त वेळा विचारले जाणारे प्रश्न दोन. पहिला, "आज मेसमध्ये काय आहे रे?" आणि दुसरा, "तुझ्याकडे रेंज आहे का?" पहिल्याचं उत्तर आपल्या हातात नाही, ते मेसच्या मामांच्या हातात आहे. दुसऱ्याचं मात्र आपल्या हातातल्या फोनमध्येच असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय वरवर गमतीचा वाटेल. पण स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, फोनवर ठसठशीत '४जी' दिसतंय, काड्याही बऱ्यापैकी आहेत आणि उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ काही केल्या अपलोड होत नाही, अशी वेळ ज्याच्यावर येते त्याला विचारा. आपल्यातल्या पुष्कळांची वर्षाची फी त्या एका फॉर्मवर अवलंबून असते.

सगळा घोटाळा होतो तो आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजतो म्हणून. नेटवर्कचा प्रकार, सिग्नलची ताकद आणि स्पीड. एकेक पाहू.

अक्षर काय सांगतं?

काड्यांशेजारचं अक्षर नेटवर्कची पिढी सांगतं. 'जी' म्हणजे जीपीआरएस, 'ई' म्हणजे एज. दोघंही २जीच्या घरातले. एजचा वेग कागदावर ३८४ केबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. '३जी', 'एच' आणि 'एच+' ही तिसरी पिढी. एअरटेलने २०२० पर्यंत आपलं ३जी गुंडाळलं, त्यामुळे ही अक्षरं आता क्वचितच दिसतात. '४जी' आणि 'एलटीई' ही एकाच देवाची दोन नावं. '५जी' आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं.

फोन ४जीवरून अचानक 'ई'वर आला, तर व्हॉट्सॲपचा साधा मेसेज जाईल, पण फॉर्मचं पान उघडायची वाट बघत बसू नका, सरळ जागा बदला. जिओने २०१६ मध्ये थेट ४जीपासूनच सुरुवात केली. त्यांचं स्वतःचं २जी-३जी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर 'ई' सहसा दिसत नाही. रेंज गेली की गेलीच.

आणि '५जी' दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. ५जीचा एक प्रकार ४जीच्या खांद्यावर बसून चालतो. अशा ठिकाणी काही फोन "इथे ५जी मिळू शकतं" एवढ्यावरच बोर्ड लावून मोकळे होतात, डेटा मात्र ४जीवरूनच येत असतो.

काड्या मोजू नका

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, याचा सर्वमान्य नियम नाही. ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून एकाच टेबलावर, एकाच कंपनीचं सिम असलेल्या दोन फोनमध्ये एकाला चार आणि दुसऱ्याला दोन काड्या दिसू शकतात.

खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलात की 'सिग्नल स्ट्रेंग्थ' दिसते (काही फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते). आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ हिशेब असा : उणे ८० किंवा त्याहून वर म्हणजे उत्तम, उणे ९०-९५ चांगलं, उणे १०५ कामचलाऊ, आणि उणे ११५ म्हणजे देवाचं नाव घ्या.

डेसिबलचं गणित आपण पहिल्या वर्षीच शिकतो. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते. माझ्या खोलीत पलंगावर उणे ११२ मिळतं, खिडकीत उणे १०१ आणि गच्चीवर उणे ८४. पलंग ते गच्ची फरक २८ डेसिबलचा, म्हणजे सहाशे पटींहून जास्त! सिम तेच, फोन तोच. मध्ये फक्त काँक्रीटच्या भिंती. त्यातही ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या आत शिरतात. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवाल्या भिंतीशी लवकर हार मानतात. म्हणून गच्चीवर धावणारं ५जी खोलीत आलं की लंगडतं.

टाकी भरलेली, नळाला धार नाही

आता शीर्षकातला प्रश्न. रेंज फुल असूनही नेट का गुल होतं? आपल्या हॉस्टेलची पाण्याची टाकी आठवा. टाकी भरलेली असते, पण सकाळी आठला सगळे नळ एकदम सुटले की आपल्या बादलीत करंगळीएवढी धार पडते. टॉवरचंही तसंच. २० मेगाहर्ट्झच्या एका साध्या ४जी कॅरिअरवरून, सगळं अगदी अनुकूल असताना, १५० एमबीपीएस मिळतात. ते तुमचे एकट्याचे नाहीत, त्या दिशेच्या सगळ्यांचे मिळून आहेत. एकाच वेळी ६० जण व्हिडिओ बघत असतील तर वाट्याला येतात अडीच. तेही कागदावर. काड्या टाकी दाखवतात, धार दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट अपलोडची. टॉवर मोठ्या आवाजात बोलतो, आपला फोन मात्र साधारण ०.२ वॉटवरच बोलू शकतो. सिग्नल कमजोर असेल तर टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. पान उघडतं, पण पीडीएफ चढत नाही, ते यामुळे.

छोटा बिट, मोठा बाइट

स्पीड मोजताना एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये असते. आठाने भागा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी. रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये मिळणारा ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. ५०० केबीचा फोटो चढवायला एक मिनिट, तेही मध्ये काही तुटलं नाही तर.

स्पीड बघायला ट्रायचं 'मायस्पीड' ॲप आहे. डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही वाचा. आणि उगीच दहा वेळा टेस्ट करू नका. १०० एमबीपीएसवर दहा सेकंद टेस्ट चालली की सव्वाशे एमबी गेले!

मग करायचं काय?

एक, ८४ दिवसांचा रिचार्ज मारण्याआधी मित्राच्या फोनवर त्या कंपनीचा आकडा *आपल्या* खोलीत बघा, दुपारी आणि रात्री दहाला. २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. तेही जरूर बघा, पण तुमच्या खोलीच्या भिंती त्या नकाशात नसतात.

दोन, डीबीएम वाईट असेल तर जागा बदला : खिडकी, गॅलरी, गच्ची. डीबीएम चांगला आणि स्पीड वाईट असेल तर जागा बदलून फारसा उपयोग नाही, वेळ बदला. पहाटे पाचला नळाला धार असते.

तीन, वॉर्डन सरांकडे किंवा कंपनीकडे तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच लिहू नका. जागा, वेळ, अक्षर, डीबीएम, डाउनलोड आणि अपलोड लिहा. अशी आठ दिवसांची वही समोर ठेवली की "तुमच्या फोनमध्येच प्रॉब्लेम असेल" असं म्हणणं अवघड जातं.

आणि चार, फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही म्हणा, पण सगळ्यांचे नळ त्याच रात्री सुटतात.