रंगाच्या दोन हातांमधील काम

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात करंजा हे कोळी लोकांचे बंदर आहे. पावसाळ्याच्या आरंभी यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नौका किनाऱ्यावर घेऊन त्यांची डागडुजी व रंगकाम करतात. लाकडी नौकेचा रंग केवळ शोभेसाठी नसतो. रंग सुटला, की पाणी लाकडात मुरते, फळी कुजू लागते आणि तिच्या भरवशावर समुद्रात जाणाऱ्यांचे प्राण संकटात येतात.

नौका असो की घरातील मेज-खुर्ची, रंग टिकण्याचे रहस्य एकच आहे. रंगाच्या एका थराला रंगारी 'हात' म्हणतात. कुशल रंगारी पहिला हात वाळला, की काचकागद घेऊन तोच रंग घासू लागतो! दिलेला रंग पुन्हा का बरे घासावा?

याची कारणे दोन आहेत. ओल्या रंगाने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, शिवाय त्यावर धुळीचे कण चिकटतात. ते न काढल्यास दुसऱ्या हातानंतर अधिकच उठून दिसतात. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. वाळलेला तेलरंग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि त्यावर नव्या रंगाला पकड मिळत नाही. गुळगुळीत झालेल्या जात्याला आपण टाकी लावतो ना? तसेच काचकागदाने रंगावर सूक्ष्म ओरखडे उठतात व नवा रंग त्यांत घट्ट बसतो.

मात्र घाई उपयोगाची नाही. कच्च्या रंगाच्या गुठळ्या होऊन कागदाला चिकटतात; पुरत्या वाळलेल्या रंगाची कोरडी भुकटी पडते. काचकागदाचा क्रमांक जितका मोठा, तितका तो बारीक. कोऱ्या लाकडास १२० क्रमांकाचा, तर दोन हातांच्या मध्ये २२० किंवा त्याहून बारीक कागद घ्यावा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने घासावे. चमक गेली, की थांबावे. लाकूड उघडे पडू देऊ नये. नंतर ओलसर फडक्याने भुकटी पुसून, पृष्ठभाग सुकल्यावरच दुसरा हात द्यावा.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या रंगात शिसे असू शकते व त्याची भुकटी विषारी असते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली आहे. म्हणून जुना रंग मुलांनी घासू नये व त्याच्या भुकटीपासून दूर राहावे.

रंगकाम संपल्यावर मधले हे घासणे कोणालाच दिसत नाही. परंतु वर्षभर खाऱ्या पाण्याचा मारा सोसून नौका पुन्हा किनाऱ्यावर आली, की ते काम कोणी मन लावून केले व कोणी टाळले, हे रंगच सांगतो.