नोंदीचा खेळ

मुंबईत कफ परेड येथे समुद्राकाठी मच्छीमार नगर ही कोळ्यांची वसाहत आहे. होड्या किनाऱ्याला लागतात आणि पाहता पाहता मासळी बाजारात जाते. त्या दिवशी समुद्राने काय दिले, हे सांगावयास मागे उरते ती फक्त नोंद. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यांवर अशा नोंदी घेते.

नोंद कशी असावी, हे एका खेळाने समजते. कागदाचे लहानमोठे पापलेट कापावेत. एका गटाने ते मोजून वहीत लिहावेत आणि मग लपवून ठेवावेत. दुसऱ्या गटाने केवळ वही वाचून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. वहीत नुसते ‘पापलेट, १४’ असेल, तर डाव अडतो. हे १४ मासे, की १४ सेंटिमीटर लांबी? लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत, की टोकापर्यंत? मोजले कोणी, कधी? वहीच हरवली तर? दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवणारा गटच तरतो.

मोठ्या संशोधकांनाही हा धडा गिरवावा लागतो. त्यांच्यासाठी इंग्लंडातील बाथ आणि दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश या विद्यापीठांनी असाच एक खेळ रचला आहे.

पिले वाढण्याआधीच जाळ्यात सापडू लागली, तर उद्याची मासळी आटते. म्हणून २०२३ साली महाराष्ट्राने अनेक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. अशा मर्यादा मोजमापांच्या आधारे ठरतात. मोजमापच अर्धवट लिहिले असेल, तर मर्यादा चुकेल आणि तिचा फटका कोळ्याच्या घराला बसेल.