कडब्याबरोबर गेलेलं पालाश

साठ वर्षांपूर्वी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात बाजरी-ज्वारीचं खत म्हणजे उकिरड्यावरचं शेणखत आणि रानात बसवलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या. १९६४ मध्ये ज्वारीचा सीएसएच-१ आणि १९६५ मध्ये बाजरीचा एचबी-१ हे पहिले संकरित वाण आले, आणि त्यांच्यामागोमाग वरखताची गोणी.

इथल्या काळ्या जमिनीत नत्र कमी. स्फुरद चुन्याशी बांधला जातो, पिकाला पुरत नाही. पालाश मात्र भरपूर होतं. त्यामुळे युरिया, डीएपी टाकलं की पीक आठवड्याभरात काळंभोर दिसे. पोटॅशचा, म्हणजे पालाशाच्या खताचा, फरक डोळ्यांना दिसत नसे. शेतकऱ्यानं ते टाळलं यात नवल नाही. पण पिकाच्या आत वेगळीच वाटणी चाललेली असते. उचललेल्या नत्र-स्फुरदाचा मोठा हिस्सा कणसात जातो, तर पालाश बहुतेक ताटात-पानांत, म्हणजे कडब्यात राहतं. दावणीला बैल होते तोवर कडबा गोठ्यात, शेण उकिरड्यात आणि पालाश पुन्हा रानात, असा फेरा चालू होता. ट्रॅक्टर आले, जनावरं घटली, कडबा विकला जाऊ लागला. पुढे सिल्लोड-कन्नडकडे मका पसरला. मुरघासासाठी मका विकला, तर अख्खं झाडच रानाबाहेर जातं.

खरी घडी विस्कटली ती भावानं. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद-पालाश खतांवरचं किंमत नियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं. देशातलं नत्र, स्फुरद, पालाश वापराचं प्रमाण ५.९:२.४:१ होतं, ते वर्षभरात ९.५:३.२:१ झालं. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला. स्वस्त गोणी समोर ठेवून समतोलाचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न फक्त नत्र-स्फुरद-पालाशाचा नाही. याच जिल्ह्यातल्या पैठण रोडवरच्या कृषी संशोधन केंद्रानं एएचबी-१२०० ही लोहयुक्त बाजरी दिली. ते लोहही मुळांना जमिनीतूनच उचलावं लागतं. चुनखडीच्या रानात लोह आणि जस्त दोन्ही अडकून पडतात, आणि स्फुरद वारेमाप टाकला तर जस्त आणखी कमी मिळतं. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत हे दोन्ही घटक तपासले जातात. पत्रिकेतले लोह-जस्ताचे रकाने आवर्जून वाचायला हवेत.

मध्यम ते भारी जमिनीतल्या बाजरीला हेक्टरी ६०:३०:३० किलोची शिफारस आहे. एकरी हिशेबानं युरिया सुमारे ५२ किलो, निम्मा पेरणीला आणि निम्मा महिन्याभरानं. सिंगल सुपर फॉस्फेट ७५ आणि म्युरेट ऑफ पोटॅश २०. पैशाची ओढ लागली की यातलं आधी गळतं ते हे २० किलो पोटॅश.