परगावच्या कुस्तीचा गावातला निकाल

ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या कुस्तीचा निकाल बहुधा दोनदा लागतो. पहिला निकाल पंच आखाड्यातच विजेत्याचा हात वर करून देतात. दुसरा निकाल त्या पैलवानाला आपला मानणाऱ्या गावांमध्ये पुढचे आठ-पंधरा दिवस चर्चेतून लागतो आणि पैलवानाचे नाव लोकांच्या तोंडी किती काळ राहायचे, हे पुष्कळदा या दुसऱ्या निकालावर ठरते. कुस्ती परगावी झालेली असली की हे काम अधिक अवघड होते, कारण गावातल्या बहुतेकांनी ती आखाड्याच्या कडेला बसून पाहिलेली नसते. त्यांच्या हाताशी असतो तो मोबाइलवरचा तुकडा, जाऊन आलेल्यांची साक्ष आणि उमेदीच्या काळात स्वतः अंगाला लावलेल्या मातीचा अनुभव. एवढ्या सामग्रीवर विजय पारखून घेण्याची कुस्तीशौकिनांची, म्हणजे स्वतः लढत नसले तरी डाव ओळखणाऱ्या जाणकार प्रेक्षकांची, एक ठरलेली रीत आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे ही रीत पाहण्यास सोयीचे गाव आहे. मोहोळ, माढा आणि कुर्डुवाडी मागे टाकून दौंडमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले असल्याने पुण्यातला आखाडा येथल्या शौकिनाला रेल्वेने गाठता येतो, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या या ऊस-केळीच्या पट्ट्यात कामाच्या धबडग्यातही चहाच्या टपरीवर, पारावर किंवा केशकर्तनालयाच्या बाकावर बसून डावांची चिकित्सा करायला माणसे मिळतात. खेळाविषयी बोलण्याची हौस या भागाला नवी नाही. जेऊरचेच नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या ‘सैराट’ चित्रपटाची सुरुवात गावच्या क्रिकेट सामन्याने आणि त्याच्या खुमासदार धावत्या समालोचनाने होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. कुस्तीच्या चर्चेत मात्र विनोदाला जागा थोडी असते, आणि पुराव्याची मागणी फार.

या चर्चेचे मूळ कुस्तीच्या दोन भिन्न कायद्यांत आहे. गावोगावच्या यात्रांमध्ये होणारी कुस्ती परंपरेने ‘निकाली’ असते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला चितपट केल्याखेरीज तिचा निकाल धरला जात नाही, आणि तसे न घडल्यास ती बरोबरीत सोडवली जाते. याउलट स्पर्धेतील कुस्ती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते, आणि चितपट न झाल्यास ती गुणांवर ठरते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळवल्यास दोन गुण, त्याला रिंगणाबाहेर घालवल्यास एक गुण, आणि उभ्या स्थितीतून थेट ‘धोक्याच्या स्थितीत’ टाकल्यास चार गुण दिले जातात. पाठ जमिनीकडे वळून तिचा जमिनीशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी भरला, तर ती धोक्याची स्थिती मानतात. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. तेथे आखाडा मातीचा असला तरी कायदा गुणांचा असतो, आणि यात्रेतल्या निकाली कुस्तीवर वाढलेल्या शौकिनाची पहिली अडचण नेमकी येथे उभी राहते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील कोथरूड येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत ही अडचण ठळकपणे समोर आली. माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा महेंद्र गायकवाड यांची गाठ पडली असता महेंद्रने टाकलेल्या बाहेरील टांगेला चार गुण मिळाले, सिकंदर हरला, आणि त्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला. प्रतिस्पर्ध्याचा वरचा भाग बांधून, त्याच्या पायाला बाहेरून आपल्या पायाचा अडसर घालून त्याला उलथवणे म्हणजे बाहेरील टांग होय. वादाचा मुद्दा टांग लागली की नाही हा नव्हता. पडताना सिकंदरची पाठ धोक्याच्या कोनात आली की तो कुशीवर राहिला, एवढाच होता. सोलापूर जिल्ह्यापुरती या वादाची गंमत अशी की दोन्ही पैलवान याच जिल्ह्याचे होते, त्यामुळे ‘आपला तो बरोबर’ असे म्हणून कोणालाच सुटता येत नव्हते, आणि चर्चेला अंगाच्या, पायाच्या व कोनाच्या भाषेत उतरावेच लागत होते.

ही भाषा तोंडापेक्षा हातांनी अधिक बोलली जाते. टपरीवर कोणी बाहेरील टांगेचा मुद्दा काढला की ऐकणाऱ्यांपैकी एखाद्या तरुणाला उठवून उभे केले जाते, बोलणारा त्याचा दंड काखेत धरतो, आपला पाय त्याच्या पायापलीकडे नेऊन ठेवतो आणि कमरेला हळूच पीळ देतो, इतका की समोरच्याचा तोल जावा पण तो पडू नये. मग त्या अर्धवट स्थितीत दोघेही थांबतात आणि भोवतालचे लोक खांदा कोणत्या दिशेला गेला ते वाकून पाहतात. “हात कुठं हुता ते बघ की आधी,” असा आक्षेप आला की पकड बदलून तोच डाव पुन्हा दाखवावा लागतो. मोबाइलवरील चित्रफितीचे कामही याच शिस्तीने चालते. ती एकदा सलग पाहून समाधान होत नाही, तर बोटाने मागे-पुढे सरकवत पाठ जमिनीकडे वळते तो क्षण गाठला जातो, आणि तेथे चित्र थांबवून जो तो आपले मत मांडतो. अशा वेळी कॅमेरा कोणत्या बाजूला होता हा प्रश्न जो विचारतो, त्याच्या मताला वजन येते, कारण एका कोनातून टेकलेला दिसणारा खांदा दुसऱ्या कोनातून अधांतरी असू शकतो.

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांची साक्षही तपासली जाते. तो कोणत्या बाजूला बसला होता, मध्ये किती माणसे उभी होती, पंचाने शिटी आधी वाजवली की गर्दी आधी उठली, असे उलटसुलट प्रश्न विचारले जातात, आणि उत्तरे डळमळली तर त्याच्या प्रवासाला शाबासकी मिळते पण मताला मिळत नाही. तालमीत आयुष्य घालवलेली वडीलधारी मंडळी सहसा शेवटी बोलतात. त्यांचा प्रश्न निकालाविषयी नसून त्याआधीच्या मिनिटाविषयी असतो: पैलवानाचा दम कुठे सुटला, पकड कोणी आधी घेतली, आणि डाव पडण्यापूर्वी त्याची तोड, म्हणजे प्रतिडाव, करायला वाव होता की नाही.

२०२३ च्याच नोव्हेंबरात पुण्याजवळच्या फुलगाव येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेखने, जानेवारीत किताब जिंकलेल्या शिवराज राक्षेला अंतिम लढतीत अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर चितपट केले. झोळीत एका हाताने प्रतिस्पर्ध्याची मान आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गुडघ्याची लवण कवळून दोन्ही हातांची कडी घालतात, आणि त्याचे अंग गुंडाळून त्याला पाठीवर आणतात. या विजयाची चर्चा वेगळ्या प्रकारची होणे स्वाभाविक होते, कारण चितपटीत यात्रेचा कायदा आणि स्पर्धेचा कायदा एकच बोलतात; गुण मोजण्याची वेळच येत नाही. राहिला तो श्रेयाचा प्रश्न. पैलवान मोहोळचा असला तरी त्याची घडण कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत विश्वास हारुगले यांच्या हाताखाली झाली, तर शिवराज आणि महेंद्र हे दोघेही पुण्यात काका पवार यांच्याकडे तयार झालेले. तेव्हा विजय जन्मगावाचा धरायचा की तालमीचा, यावर शौकिनांत एकमत होत नाही. माती गावची आणि डाव वस्तादाचा, अशी वाटणी करून हा वाद बहुधा मिटवला जातो.

परगावच्या कुस्तीची अशी फेरतपासणी मोबाइलच्या आधीपासून चालत आली आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या कडव्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरवण्यात आले आणि तेथे त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, ही हकिगत मराठी मुलखात पदकाइतकीच सांगितली जाते. गोळेश्वरच्या या मल्लाची कऱ्हाडहून शंभरावर बैलगाड्यांनिशी मिरवणूक निघाली खरी, पण त्या आनंदातही विश्रांतीचा हिशेब लोकांनी सोडला नाही.

पंचांचा निकाल न पटल्यास काय करावे, याचे उत्तर मात्र चर्चेतूनच येऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही या वादात शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीतल्या वादानंतर महेंद्र गायकवाडनेही आखाडा सोडला, आणि दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. रागाने पंचावर धावून जाणे आणि त्याच क्षणाची चित्रफीत थांबवून खांद्याची दिशा शोधणे, ही एकाच शंकेची दोन टोके आहेत. पहिल्याने पैलवानाची उमेदीची वर्षे जातात, दुसऱ्याने त्याची किंमत ठरते. ही किंमत रोकडीही असते, कारण यात्रेच्या आखाड्यात कोणाची जोड कोणाशी लावायची आणि इनाम किती ठेवायचे, हे ठरवणारी पंचकमिटीची माणसे याच टपऱ्यांवर बसून ऐकत असतात. परगावी गुणांवर जिंकलेल्या पैलवानाला त्यामुळे गावच्या यात्रेत अनेकदा मुद्दाम तगडी जोड दिली जाते, आणि तेथे निकाली कुस्ती केल्यावरच त्याचा परगावचा विजय शौकिनांच्या हिशेबात पक्का होतो.