गव्याचे रान, आपले पाणी

दाजीपूर म्हटले की आपल्याला गवा आठवतो आणि सहल. एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव असलेले हे रान १९५८ साली अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य बनले.

रानाची खरी किंमत पावसाळ्यात कळते. घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचा मार झाडे अंगावर झेलतात, पालापाचोळा पाणी अडवतो, मुळांच्या वाटेने ते जमिनीत मुरते. पुढे तेच झऱ्यांवाटे भोगावतीत उतरते, राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणात साठते आणि पंचगंगेला मिळते. रान उघडे पडले तर माती धरणात बसेल आणि झरे लवकर आटतील.

आमच्या गडमुडशिंगीतून हे रान दिसत नाही. पण पंचगंगेच्या काठचा ऊस त्याच्याच जिवावर उभा आहे. मात्र रानालगतच्या शेतकऱ्याचे पीक गवे खातात. पाणी आपल्याला आणि नुकसान त्याला, हा न्याय नव्हे. त्याला वेळेवर भरपाई मिळणे हाही रानाच्या राखणीचाच भाग होय. आपण सहलीला जाऊ तेव्हा वाट सोडू नये, गोंगाट करू नये आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. एवढे तर आपल्या हातात आहे!