‘नाशिकला? अगं बाई, कोण गेलं?’

आमच्या संगमनेरात ‘नाशिकला चाललेय’ असं म्हटलं, की समोरच्या बाईचा चेहरा लगेच गंभीर होतो. भाजीची पिशवी खाली ठेवून ती हळू आवाजात विचारते, ‘अगं बाई, कोण गेलं?’ तिचं तरी काय चुकतं म्हणा! आमच्याकडे नाशिकला जायचं ते दहाव्याला, अस्थी घेऊन, नाहीतर त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीला. नाशिक ‘बघायला’ जायचं असतं, हे आमच्या गावीच नाही.

माझंच सांगते. लग्नाला बावीस वर्षं झाली. नाशिक इथून सत्तर किलोमीटर. एवढ्या वर्षांत मी तिथे तीनदा गेले. लग्नानंतर त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला, मग घरच्या एका विधीला आणि तिसऱ्यांदा सासऱ्यांच्या अस्थी घेऊन. त्या तिसऱ्या खेपेला रामकुंडाजवळ आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांनी लाल कापडात बांधलेली जुनी वही काढली. यांचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, कोण कधी आलं, कशासाठी आलं, सगळं त्यात. मागची पानं तर मोडीत. मी हरखून बघत होते. न राहवून विचारलं, ‘गुरुजी, आणि बायकांची नावं?’ ते म्हणाले, ‘सहकुटुंब लिहिलंय ना, वहिनी!’

तो शब्द मनात रुतून बसला. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. अस्थी घेऊन हे आणि धाकटे दीर गेले, आम्ही जावा घरी पै-पाहुण्यांच्या स्वयंपाकात. पण तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा, त्या वहीत सासूबाईंचं नाव लिहिलं असेल का?

आमच्या बचत गटाची दरवर्षी एक सहल निघते. शिर्डी, वणी, पुन्हा शिर्डी. यंदा मी म्हटलं, नाशिकला जाऊ. दोन दिवस, विधी नाही, नवस नाही, नुसतं बघायला. आधी सगळ्या हसल्या. एकीच्या मालकांनी तर विचारलंच, ‘घाट बघायला पैसे घालवणार?’ पण वर्षभर दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले होते, ते आमचेच होते. थंडीच्या दिवसांत चौदा जणी टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो.

जाताना कोपरगावमार्गे येवल्याला गेलो. येवला म्हणजे पैठणी, हे कुणाला सांगायला नको. पण मागावरची पैठणी आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. एका घरात शिरलो. अर्धी खोली मागानं व्यापलेली. रेशमाच्या बारीक बारीक कांड्या हातात खेळवत पदरावरचा मोर एकेक धाग्यानं भरायचा. पदर भरजरी असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात. सूत उकलणं, कांड्या भरणं, ताण्याचे धागे सांधणं ही कामं घरातल्या बायका करतात. काही जणी मागावरही बसतात. मी त्या वहिनींना विचारलं, ‘साडीवर नाव कुणाचं येतं?’ त्या हसल्या. ‘दुकानाचं. आमचं कशाला येईल, ताई?’

येवल्यातच मुक्तिभूमी आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला तो इथे. आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेर निफाड तालुक्यातलं. त्या तिथे बराच वेळ गप्प उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘संध्याकाळी काळारामाला जाऊ तेव्हा सांगते.’

मनमाडवरून चांदवडला पोहोचलो. आग्रा रोडवरून कितीतरी वेळा या गावावरून गेलो असू. इथला रंगमहाल अहिल्याबाई होळकरांचा. लाकडी कोरीव खांब, भिंतींवरची चित्रं. अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या. जन्म ३१ मे १७२५. आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. नवऱ्यामागे, सासऱ्यांमागे, मुलामागे त्यांनी राज्य चालवलं आणि देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली. आमच्यातल्या एक मावशी अकाली विधवा झालेल्या. शिलाईवर दोन मुलं वाढवली. त्या खांबाला हात लावून म्हणाल्या, ‘म्हणजे ही पण एकटीच होती की गं!’

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागा मागे टाकत नाशिकला पोहोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. पंचवटीत सामान टाकलं, सीतागुंफेत वाकत, एकमेकींना ‘डोकं सांभाळ गं’ म्हणत जाऊन आलो आणि काळाराम मंदिरासमोर आलो. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या दगडाचं मंदिर. फार सुंदर. याच दारात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्याचे मोठे कार्यकर्ते. पाच वर्षं तो चालला, पण दार काही उघडलं नाही. हजारो लोक होते, त्यात बायकाही होत्या.

निफाडच्या ताई तेव्हा बोलल्या. ‘माझी आजी इथं बसली होती. नुकतं लग्न झालेलं. आजोबांचं नाव आमच्याकडे अजून लोक घेतात. आजी पण होती, हे फक्त घरात माहीत.’ आम्ही विचारलं, ‘आत येणार का?’ त्या बौद्ध. क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘दर्शनाला नाही येत. आजीच्या वतीनं बघून येते.’ त्या आत गेल्या, शांतपणे सभामंडप बघितला, बाहेर आल्या. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही. देवळात शिरताना आपण कधी काही विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झणझणीत मिसळ खाऊन पांडवलेण्यांना गेलो. मुंबईच्या रस्त्यावर, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही चोवीस लेणी. गुडघेदुखीवाल्यांनी हळूहळू, बसत-उठत पायऱ्या चढाव्यात. वर माझी कॉलेजातली मैत्रीण वाट बघत होती. ती इतिहास शिकवते. तिनं सुरुवातच केली, ‘पांडवलेण्यांत पांडव नाहीत बरं का! ही बौद्ध भिक्षूंची राहण्याची जागा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पांडव नाहीत, पण बायका आहेत. चला, दाखवते.’

तिसऱ्या लेण्यात सहा धष्टपुष्ट यक्षांनी सगळं लेणं खांद्यावर उचलून धरलंय असं वाटतं. हे लेणं दिलं गौतमी बलश्रीनं. गौतमीपुत्र सातकर्णी, ज्यानं शकांचा पराभव केला, त्याची ही आई. आईच्या नावानं ओळखला जाणारा राजा! मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, या म्हाताऱ्या आजीनं लेख कोरवून घेतला. त्यात मुलाचे पराक्रम आहेत, तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होई असं आहे आणि आईची सेवा करी असंही आहे. तिथेच आणखी एक लेख आहे. राजा आणि राजमाता दोघांच्या नावानं अधिकाऱ्याला दिलेला हुकूम. भिक्षूंना पूर्वी जे शेत दिलं, ते गावच ओसाड असल्यानं कसलं जात नाही, तेव्हा त्यांना दुसरं शेत द्या. मावशी लगेच म्हणाल्या, ‘बाईच्याच लक्षात येणार हे. नुसतं दिलं म्हणून होत नाही, पिकतंय का ते बघावं लागतं.’

दहाव्या लेण्यात आमच्या गटाची खरी करमणूक झाली. नहपान राजाचा जावई उषवदात यानं गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण ठेवले. व्याज महिना शेकडा एक. मुद्दल हलवायचं नाही. व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. आमच्या खजिनदार वहिनींनी तिथल्या तिथे बोटं मोजली. ‘दोन हजारांवर एक टक्का, बारा महिने, दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब बरोबर आहे की!’ मग हळूच म्हणाल्या, ‘आणि आपण दोन टक्के घेतो.’ लेण्यात हशा पिकला. पण आपला बचत गटाचा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या दगडावर लिहिलेला बघून ऊर भरून आला, हे खरं.

त्याच लेण्यात दोन खोल्यांच्या दारांवर उषवदाताच्या बायकोचं नाव आहे, दक्षमित्रा. नहपानाची मुलगी, दिनीकपुत्र उषवदाताची बायको, हिचं हे दान. त्याच लेण्याच्या अंगणात विष्णुदत्ता नावाच्या शक बाईचा लेख. तिनं तेली आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्यांसारख्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, ती आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी! अठराव्या लेण्यात, चैत्यगृहात, भट्टपालिका. अमुकाची मुलगी, तमुकाची बायको, अमक्याची आई, हे सगळं सांगून झाल्यावर तिनं लिहवून घेतलंय की हे चैत्यगृह मी पूर्ण करवलं. मुलगी-बायको-आई ही ओळख त्यांनाही सुटली नव्हती. पण नाव होतं. ‘सहकुटुंब’ नव्हतं.

मी डोंगर उतरले ती ठरवूनच.

बाकीच्या जणी भांडीबाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांत रमल्या, मी गुरुजींकडे गेले. वादावादी होणार म्हणून गाडीत मनातल्या मनात भाषणच तयार केलं होतं. गुरुजींनी वही काढली. मागच्या वर्षीच्या पानावर यांचं अक्षर. ‘मातोश्रींच्या अस्थिविसर्जनासाठी आलो.’ खाली दोघा भावांच्या सह्या. मातोश्रींना नाव नाही.

‘गुरुजी, इथे सासूबाईंचं नाव लिहायचंय.’

त्यांनी चष्मा वर केला, पेन माझ्याच हातात दिलं. ‘लिहा की. आजवर कुणी सांगितलंच नाही.’ माझं भाषण राहिलं बाजूला! मग त्यांनीच विचारलं, ‘कुठलं नाव लिहिताय? सासरचं की माहेरचं?’

मी गप्प. बावीस वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले, पण सासूबाईंचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. तिथूनच कोपरगावच्या मावससासूबाईंना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग नाव सांगितलं, मग थोडा वेळ बोलल्याच नाहीत. ‘तिच्या लग्नानंतर या नावानं हाक मारणारी मी एकटीच उरले होते,’ म्हणाल्या. मी दोन्ही नावं लिहिली. ती इथे देत नाही, पेपरात नाव आलेलं सासूबाईंना आवडलं नसतं. खाली माझी सही केली, पूर्ण नावानं. हे कळल्यावर आमच्यातल्या दोघी आपापल्या घराण्याचे उपाध्याय शोधायला निघाल्या.

परतीच्या वाटेवर सिन्नरला गोंदेश्वराच्या यादवकालीन मंदिरात थांबलो. मधे महादेवाचं मोठं देऊळ, चार बाजूंना चार छोटी देवळं, संध्याकाळचं ऊन आणि गर्दी नाही. आमच्या नेहमीच्या रस्त्यावरचं हे देऊळ मी या बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर यांना वहीचं सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, ‘बरं केलंस. तेव्हा मला सुचलंच नाही.’

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही असं एखादं ‘नाशिक’ असेलच, जिथे आपण फक्त कुणाच्या तरी मागे, काहीतरी उरकायला जातो. एकदा नुसतं बघायला जा. चौघी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो. थंडीत जा, पायात साध्या चपला घाला, स्वच्छतागृह कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा आणि जमलं तर जागेची माहिती असलेली एखादी बाई बरोबर घ्या. आणि हो, निघण्याआधी आपल्या आईचं, आजीचं, सासूचं माहेरचं नाव विचारून ठेवा. त्या आहेत तोवर.

परवा बाजारात शेजारच्या काकू भेटल्या. ‘नाशिकला गेला होतात म्हणे. कोण गेलं?’

मी म्हटलं, ‘आम्ही गेलो होतो काकू. चौदा जणी!’