लग्नाची कॅसेट, सांगलीचा पूर आणि साताऱ्याची आत्या

आजचा प्रश्न साधा आहे: घरचे व्हिडिओ वर्षानुवर्षं टिकवायचे, तर ठेवायचे कशावर?

आधी माझी गोष्ट ऐका. आमचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी असते ४५ फूट! आम्ही कागदपत्रं घेतली आणि निघालो. पाणी ओसरल्यावर कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तर आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, तिची डीव्हीडी आणि हार्ड डिस्क, सगळं चिखलात. कॉपी तीन होत्या, पण एकाच कप्प्यात! आणि आजीचा आवाज फक्त त्याच व्हिडिओत होता.

वाचवलं साताऱ्याच्या आत्यानं. आदल्या दिवाळीत तिनं हट्टानं एक कॉपी पेनड्राइव्हवर नेली होती. तिचं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, तिथं पुराची भीती नाही. पेनड्राइव्ह लावताना मात्र छातीत धडधड होत होती. का, ते सांगतो.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते. नुसतं पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. म्हणून ने-आण करायला ठीक, कायमचं ठेवायला नाही.

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णतेनं तो खराब होतो. कॅसेटला दमट हवेत बुरशी लागते, आणि नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलंय. त्यामुळे घरात कॅसेट असेल, तर ती आधी उतरवून घ्या.

हार्ड डिस्क स्वस्त पडते, भरपूर मावतं. पण ती पडली की संपलं. वर्षातून एकदा तरी लावून फाइल्स उघडून बघा, आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर हलवा.

क्लाउड पुरापासून सुरक्षित. पण गूगलचे फुकट १५ जीबी लगेच भरतात, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ तर दाबून लहान होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग करायचं काय? ३-२-१ लक्षात ठेवा: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमच्याकडे आता एक हार्ड डिस्क सांगलीत, वरच्या मजल्यावर. दुसरी आत्याकडे. तिसरी कॉपी क्लाउडवर. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर डिस्कची अदलाबदल होते!

आणि डिस्क भिजलीच, तर चालू करून बघू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

थोडक्यात, कायम टिकणारं साधन असं काही नसतं. टिकते ती वेळोवेळी हलवलेली कॉपी. या रविवारी आजी-आजोबांचा एक तरी व्हिडिओ शोधा आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पोचवा. भेटू पुढच्या भागात!